मत्स्यालयासाठीची घरगुती एलईडी प्रकाशयोजना

मत्स्यालयासाठीची घरगुती एलईडी प्रकाशयोजना म्हणजे प्रकाश-उत्सर्जक डायोड (एलईडी), ॲल्युमिनियमचा पन्हळ, वीजपुरवठा व प्रवाह-नियंत्रक हे सुटे भाग आणून घरच्या मत्स्यटाकीसाठी स्वतः जुळवलेला दिवा होय. तयार दिव्यापेक्षा तो स्वस्त पडतो, हे अशा जुळणीमागचे नेहमी सांगितले जाणारे कारण आहे. परंतु टाकीचे माप, पाण्याची खोली आणि पाणवनस्पतींची गरज पाहून प्रकाश ठरवता येणे व एखादा भाग निकामी झाल्यास तेवढाच बदलता येणे, हे त्याचे अधिक मोलाचे लाभ होत. घरी बनवलेले असे दिवे प्रकाश कमी पडल्यामुळे क्वचितच अपयशी ठरतात. साठलेली उष्णता, अनियंत्रित विद्युतप्रवाह आणि ओलावा या तीन गोष्टी त्यांचे आयुष्य संपवतात. टाकीचे नुकसान मात्र बहुधा प्रकाशाच्या अतिरेकाने होते.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घरगुती मत्स्यालयांवर मुख्यतः नलिका दिवे (ट्यूबलाइट) वापरले जात. खोल टाक्या आणि प्रवाळांच्या टाक्या यांसाठी मेटल हॅलाइड दिवे वापरत. हे दिवे प्रखर असले, तरी त्यांच्या झोतात अवरक्त किरणांचे प्रमाण मोठे असते व त्यामुळे पाणी तापते.

दृश्य लाल प्रकाश देणारा एलईडी १९६२ मध्ये अमेरिकेत निक होलोन्याक यांनी तयार केला. निळा प्रकाश पुरेशा तीव्रतेने देणारा एलईडी मात्र त्यानंतर तीस वर्षांनी, १९९३ मध्ये, जपानमधील निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी साध्य केला. या निळ्या एलईडीवर पिवळा प्रकाश देणाऱ्या फॉस्फराचा थर देऊन १९९६ मध्ये पांढरा एलईडी बाजारात आला. निळ्या एलईडीच्या शोधाबद्दल इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पाऱ्यासंबंधीच्या मिनामाता करारातील पक्षराष्ट्रांनी २०२३ मध्ये जिनिव्हा येथील परिषदेत नलिका दिव्यांचे उत्पादन व आयात-निर्यात २०२७ पर्यंत टप्प्याटप्प्याने थांबवण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे जुन्या मत्स्यालयांच्या झाकणांतील नळ्या बदलण्याचा प्रश्न केवळ हौसेचा राहिलेला नाही.

प्रकाशाची गरज

माशांना पाहण्यासाठी व दिवस-रात्रीचे चक्र राखण्यासाठी अल्प प्रकाश पुरतो. ज्या टाकीत फक्त मासे आहेत, तेथे दिवा हा मुख्यतः पाहणाऱ्याच्या सोयीसाठी असतो. जिवंत वनस्पती लावल्या की मात्र प्रकाश हे त्यांचे अन्न तयार करण्याचे साधन ठरते, आणि मग त्याचे मोजमापही वनस्पतीच्या दृष्टीने करावे लागते.

दिव्याच्या खोक्यावर छापलेले ‘लुमेन’ आणि लक्समापक दाखवतो ते ‘लक्स’ ही दोन्ही एकके मानवी डोळ्याच्या संवेदनशीलतेवर बेतलेली आहेत. डोळा सुमारे ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या पिवळसर हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतो. वनस्पती ४०० ते ७०० नॅनोमीटर या संपूर्ण पट्ट्यातील प्रकाश वापरतात, म्हणून त्यांच्यासाठी एका चौरस मीटरवर दर सेकंदाला या पट्ट्यातील किती प्रकाशकण पडतात ते मोजले जाते. या मापाचे एकक मायक्रोमोल प्रति चौरस मीटर प्रति सेकंद असे आहे. (पुढे या लेखात केवळ ‘मायक्रोमोल’ असा उल्लेख केला आहे.) भर दुपारचे निरभ्र ऊन सुमारे २००० मायक्रोमोल एवढे असते. मत्स्यटाकीच्या तळाशी याचा चाळिसावा भागही अनेक वनस्पतींना पुरतो.

जावा फर्न, अनुबियास आणि क्रिप्टोकोरिन या वनस्पती २० ते ४० मायक्रोमोलवर समाधानाने वाढतात. यांपैकी क्रिप्टोकोरिनच्या स्पायरॅलिस व रेट्रोस्पायरॅलिस या जाती पश्चिम घाटाच्या ओढ्यांतून आणि पाणथळ जागी निसर्गतःच आढळतात. व्हॅलिसनेरिया व बहुतेक खोडवाल्या वनस्पतींना ४० ते ८० मायक्रोमोल लागतात. जमिनीलगत गालिचा धरणाऱ्या आणि लाल पानांच्या जातींना याहून अधिक प्रकाश द्यावा लागतो. ही वर्गवारी ढोबळ असून शौकिनांच्या अनुभवातून रूढ झालेली आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. प्रकाश वाढला की वनस्पतीची कार्बन डायऑक्साइडची आणि पोषकद्रव्यांची मागणीही वाढते. सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइड न देणाऱ्या साध्या टाकीत हा वायू मर्यादित असतो. तेथे ८० किंवा १०० मायक्रोमोल प्रकाश दिला, तर वनस्पती त्याचा उपयोग करू शकत नाहीत आणि उरलेल्या प्रकाशावर शेवाळ पोसते. दिवा जितका प्रखर तितका चांगला, ही समजूत त्यामुळे चुकीची आहे.

प्रकाशकणमापक हे महागडे उपकरण असल्याने घरगुती कामात लक्समापकावर भागवले जाते. ६५०० केल्विनच्या आसपासच्या पांढऱ्या एलईडीसाठी लक्सच्या आकड्याला ७० ने भागले असता मायक्रोमोलचा कामचलाऊ अंदाज मिळतो. उदाहरणार्थ, ३५०० लक्स म्हणजे सुमारे ५० मायक्रोमोल. निळ्या व लाल एलईडींना हा भाजक लागू पडत नाही, कारण त्या रंगांना लक्समापक फारच कमी मोजतो.

पाण्यातील प्रकाशाचे वर्तन

सरळ खाली पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे २ टक्के प्रकाश पाण्याच्या पृष्ठभागावरून परत फिरतो. टाकीवर काचेचे झाकण असल्यास आणखी ८ टक्क्यांच्या आसपास घट होते, आणि झाकणावर क्षारांचे पांढरे डाग साचले की ती बरीच वाढते. कठीण पाण्याच्या भागात दिवा मंद झाल्याची तक्रार पुष्कळदा झाकण पुसल्यावर मिटते.

पाण्यात शिरल्यावर प्रकाशकिरण उभ्या रेषेकडे वळतात. अशा उभट किरणांना बाजूच्या काचेवर पूर्ण आंतरिक परावर्तन अनुभवावे लागते व ते पुन्हा टाकीत परततात. म्हणूनच काचेची टाकी प्रकाश बऱ्याच अंशी स्वतःमध्ये कोंडून ठेवते आणि तळाशी प्रकाश अपेक्षेपेक्षा अधिक पोहोचतो. काचेवर आतून शेवाळ चढले की हा लाभ कमी होतो.

पाणी लाल प्रकाश शोषून घेते व निळा खोलवर जाऊ देते, हे समुद्राच्या बाबतीत खरे आहे. परंतु ४५ सेंटिमीटर खोलीच्या टाकीत ६५० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाची घट साधारणतः एक सप्तमांश एवढीच असते. त्यामुळे ‘लाल प्रकाश तळापर्यंत पोहोचत नाही’ म्हणून लाल एलईडींची संख्या दुप्पट करण्याला आधार नाही. टाकीत ओंडके किंवा बदामाची पाने ठेवल्याने पाण्याला चहासारखा रंग आला असेल, तर उलट निळा प्रकाशच अधिक शोषला जातो.

रंगपट

सर्वसाधारण पांढऱ्या एलईडीच्या रंगपटात ४५० नॅनोमीटरजवळ निळ्याचे टोकदार शिखर, ४८० च्या सुमारास दरी आणि पुढे पिवळ्या भागात रुंद उंचवटा असतो. गडद लाल भागात तो क्षीण होत जातो. हरितद्रव्याचे शोषण निळ्या व लाल भागांत सर्वाधिक असल्याने केवळ निळे-लाल एलईडी लावण्याची पद्धत काही काळ बोकाळली होती. अशा जांभळ्या उजेडात वनस्पती वाढतात. मात्र हिरवी पाने काळपट दिसतात, माशांचे रंग कळत नाहीत आणि पानांवरील रोगट डागही लक्षात येत नाहीत. हिरवा प्रकाश वनस्पतींना निरुपयोगी असतो हेही खरे नाही. पानाच्या वरच्या थरांतून तो आतवर जातो आणि तेथे वापरला जातो.

घरगुती दिव्यासाठी ६५०० केल्विनचे पांढरे एलईडी हा पाया मानून त्यात थोडे उबदार पांढरे किंवा ६६० नॅनोमीटरचे लाल एलईडी मिसळणे, हा सर्वांत कमी जोखमीचा मार्ग आहे.

दोन फुटी टाकीचे उदाहरण

भारतात सहज मिळणारी दोन फुटी टाकी ६० सेंटिमीटर लांब व ३० सेंटिमीटर रुंद असते. तिच्या तळाचे क्षेत्रफळ ०.१८ चौरस मीटर भरते. तळाशी सरासरी ५० मायक्रोमोल प्रकाश हवा असल्यास दर सेकंदाला ५० × ०.१८ = ९ मायक्रोमोल प्रकाशकण तळापर्यंत पोहोचले पाहिजेत. परावर्तन, झाकण व बाजूने निसटणारा उजेड यांमुळे निम्मा प्रकाश वाया जातो असे धरले, तर दिव्यातून १८ मायक्रोमोल बाहेर पडावे लागतात. वॅटमागे १०० लुमेन देणारा पांढरा एलईडी एका वॅटला अंदाजे १.४ मायक्रोमोल देतो. म्हणजे १८ ÷ १.४ = सुमारे १३ वॅट एवढी शक्ती पुरते.

‘एक वॅट’ म्हणून विकला जाणारा पांढरा एलईडी ३५० मिलीअँपिअर प्रवाहावर सुमारे ३.२ व्होल्ट घेतो, म्हणजे प्रत्यक्षात १.१ वॅटच्या थोडे वर. असे १२ एलईडी घेतल्यास १३.४ वॅट होतात. सहा-सहाच्या दोन ओळी, ओळीतील अंतर ९ ते १० सेंटिमीटर, अशी मांडणी या टाकीला पुरेशी आहे. दिवा दररोज ८ तास चालवल्यास वीजपुरवठ्यातील घट धरून महिन्याला ४ युनिटच्या आसपास वीज लागते.

‘लिटरमागे इतके वॅट’ हा जुना नियम नलिका दिव्यांच्या काळातील आहे. एलईडींच्या कार्यक्षमतेत एकास दोन इतका फरक पडत असल्यामुळे तो आता मार्गदर्शक राहिलेला नाही.

विद्युतप्रवाहाचे नियंत्रण

एलईडीचा प्रवाह विभवांतराच्या सम प्रमाणात वाढत नाही. ठरावीक विभवांतर ओलांडले की तो झपाट्याने चढतो. त्यातच एलईडी तापला की तेवढ्याच प्रवाहासाठी त्याला कमी विभवांतर लागते. त्यामुळे एलईडी थेट स्थिर व्होल्टच्या पुरवठ्याला जोडल्यास तो तापतो, तापल्यामुळे अधिक प्रवाह ओढतो, अधिक प्रवाहामुळे आणखी तापतो आणि अखेर जळतो. या साखळीला आळा घालण्यासाठी प्रवाह स्थिर राखणारा नियंत्रक वापरतात. बाजारात त्याला एलईडी ड्रायव्हर म्हणतात.

कमी शक्तीच्या पट्ट्यांमध्ये हेच काम साधा रोध करतो. १२ व्होल्टवर तीन पांढरे एलईडी एकसर जोडले, तर त्यांच्यावर ९.६ व्होल्ट पडतात व २.४ व्होल्ट उरतात. प्रवाह २० मिलीअँपिअर हवा असल्यास २.४ ÷ ०.०२ = १२० ओहमचा रोध लागतो. यात पाचवा हिस्सा वीज रोधात उष्णतेच्या रूपाने जाते. पट्टीला हे परवडते, मोठ्या दिव्याला परवडत नाही.

वरील उदाहरणात सहा एलईडींची एकसर जोडणी १९.२ व्होल्ट घेते. यासाठी २४ व्होल्टचा दिष्ट वीजपुरवठा (एसएमपीएस) आणि प्रत्येक ओळीला ३५० मिलीअँपिअरचा स्वतंत्र ड्रायव्हर ही रचना सोयीची आहे. ड्रायव्हरला काम करण्यासाठी लागणारे दोन-तीन व्होल्ट त्यात शिल्लक राहतात. एकाच ड्रायव्हरवर दोन ओळी समांतर जोडणे टाळले जाते, कारण दोन ओळी कधीच तंतोतंत सारख्या नसतात. एक ओळ अधिक प्रवाह ओढते, आणि तिच्यातील जोड तुटल्यास सगळा प्रवाह दुसरीवर येतो. एकसर जोडणीत मात्र निरनिराळ्या रंगांचे एलईडी मिसळता येतात. लाल एलईडी सुमारे २.१ व्होल्टच घेतो, परंतु त्यातून वाहणारा प्रवाह इतरांएवढाच राहतो.

पुढची ओळ एका ड्रायव्हरवर व मागची दुसऱ्यावर जोडण्यापेक्षा एकाआड एक एलईडी दोन ड्रायव्हरांवर वाटणे हिताचे ठरते. एक ड्रायव्हर बंद पडला तरी निम्मी टाकी अंधारात जात नाही, फक्त उजेड सर्वत्र निम्मा होतो.

उष्णतेचे निवारण

एलईडीच्या झोतात अवरक्त उष्णता जवळजवळ नसते, म्हणून ‘एलईडी तापत नाही’ असा समज पसरला आहे. वस्तुतः त्याला दिलेल्या विजेपैकी निम्म्याहून अधिक भाग उष्णतेतच रूपांतरित होतो. फरक एवढाच, की ही उष्णता झोताबरोबर बाहेर न जाता एलईडीच्या पाठीमागे साचते व तेथून ती धातूमार्फत हवेत न्यावी लागते. ही व्यवस्था नसेल, तर प्रकाश हळूहळू उतरतो, फॉस्फर पिवळा पडतो आणि एलईडी अकाली संपतो.

यासाठी एलईडी तारकाकृती ॲल्युमिनियम चकतीवर बसवलेला घेतात आणि ती चकती उष्णतावाहक लेप लावून ॲल्युमिनियमच्या पन्हळीवर घट्ट बसवतात. सरकत्या खिडक्यांसाठी मिळणारा जाड ॲल्युमिनियमचा पन्हळ लहान दिव्याला पुरतो. १३ वॅटच्या दिव्यातून ८ ते ९ वॅट उष्णता निघते. ६० सेंटिमीटर लांब, ५ सेंटिमीटर रुंद आणि दोन्ही बाजूंना अडीच सेंटिमीटर कड असलेला पन्हळ मोकळ्या हवेत ही उष्णता सोडताना भोवतालच्या हवेपेक्षा साधारण १५ अंशांनी गरम होतो. विदर्भ-मराठवाड्यातील मे महिन्यात खोलीतच ३८ अंश सेल्सिअस तापमान असेल, तर धातू ५३ अंशांवर जातो. हातावर काही क्षण सोसेल एवढे हे तापमान असून एलईडीला ते चालते. हाच दिवा बंद लाकडी झाकणात कोंडला, तर हे गणित कोलमडते.

लेप शक्य तितका पातळ असावा लागतो. त्याचे काम दोन पृष्ठभागांतील सूक्ष्म पोकळ्या भरण्याचे असते. जाड थर उष्णता अडवतो.

जुळणी

ॲल्युमिनियम चकती डागणीची उष्णता खेचून घेते. चकती पन्हळीवर बसवल्यावर डाग देऊ गेल्यास डागणी थंड पडते व जोड कच्चा राहतो. म्हणून तारेच्या टोकांना आणि चकतीवरील बिंदूंना आधीच कथिलाचा पातळ मुलामा देतात. आखूड तारा चकतीला जोडून घेतल्यावर ती पन्हळीवर बसवतात. स्क्रूच्या डोक्याने चकतीवरील धन-ऋण बिंदू धातूला टेकू नयेत म्हणून नायलॉनच्या चकत्या घालतात. यानंतर मल्टिमीटरने प्रत्येक बिंदू व पन्हळ यांच्यात वहन होत नाही ना, हे तपासणे अत्यावश्यक आहे. अशी एक गळती संपूर्ण ओळ निकामी करू शकते किंवा, त्याहून वाईट, धातूच्या सांगाड्यात वीज आणू शकते.

ड्रायव्हर चालू असताना एलईडींची तार जोडणे किंवा काढणे टाळले जाते. भार नसताना ड्रायव्हरच्या टोकांवर पूर्ण विभवांतर चढलेले असते आणि जोडता क्षणी बसणाऱ्या प्रवाहाच्या धक्क्याने एलईडी जळू शकतो. उघड्या, प्रखर एलईडीकडे, विशेषतः निळ्याकडे, चाचणीच्या वेळी थेट पाहणे डोळ्यांना अपायकारक आहे.

जोड बंद करण्यासाठी सिलिकॉन वापरताना त्याचा प्रकार पाहावा लागतो. टाकीच्या काचा चिकटवण्यासाठी वापरतात ते व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन सुकताना ॲसिटिक आम्ल सोडते आणि तांब्याच्या तारा कुरतडते. अशा गंजलेल्या तारेवरून ठिबकणाऱ्या पाण्यातील तांबे गोगलगायी व झिंग्यांना अत्यल्प प्रमाणातही विषारी ठरते. विद्युत कामासाठी वेगळे, तटस्थ प्रकारचे सिलिकॉन मिळते. दिव्याच्या खालच्या बाजूस ॲक्रिलिक किंवा काचेची पट्टी बसवल्यास थोडा प्रकाश जातो. परंतु बाष्प, उडणारे थेंब आणि शिशाचे डाग टाकीपासून दूर राहतात.

विद्युत सुरक्षितता

पाण्याची टाकी, त्यात वारंवार जाणारा हात व २३० व्होल्टचा पुरवठा यांचा संयोग प्राणघातक ठरू शकतो. म्हणून घरगुती मत्स्यदिव्याच्या रचनेतील पहिला दंडक असा, की टाकीच्या वर फक्त कमी व्होल्टचा दिष्ट प्रवाह न्यावा. २४ व्होल्टचा विलगित वीजपुरवठा टाकीपासून दूर व पाण्याच्या पातळीहून वेगळ्या, कोरड्या जागी ठेवतात.

स्वस्तात मिळणारे, थेट मुख्य विजेवर चालणारे अनेक ड्रायव्हर विलगित नसतात. त्यांच्या बाहेर येणाऱ्या तारांवर कमी व्होल्ट मोजले गेले, तरी जमिनीच्या सापेक्ष त्या मुख्य विजेच्या तारेइतक्याच धोकादायक असतात. बाहेरून पाहून हा फरक कळत नाही. असा ड्रायव्हर मत्स्यटाकीवर वापरू नये, हा नियम निरपवाद मानला जातो.

याखेरीज मुख्य पुरवठ्यावर ३० मिलीअँपिअरला तुटणारा गळती-संरक्षक (आरसीसीबी) बसवणे आवश्यक असते. नेहमीचा एमसीबी अतिप्रवाहाने पडतो. माणसाच्या शरीरातून जाणारा प्राणघातक प्रवाह त्याला जाणवतही नाही. दिव्याचा धातूचा सांगाडा आर्थिंगला जोडतात. प्रत्येक तार सॉकेटकडे जाण्यापूर्वी खाली झोळ देऊन नेतात, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकते व सॉकेटमध्ये शिरत नाही. पाण्यात हात घालण्यापूर्वी हीटर व पंपासह सर्व उपकरणे बंद करण्याची सवय या सर्व उपायांना पूरक आहे.

दिवा टांगलेला असल्यास तो पाण्यात पडू नये म्हणून मुख्य दोरीशिवाय दुसरी आधाराची तार बांधतात.

कालनियंत्रण व मंदन

मुंबईच्या अक्षांशावर दिवस वर्षभरात सुमारे ११ ते १३ तासांचा असतो. टाकीला इतका वेळ कृत्रिम प्रकाश देण्याची गरज नसते. नव्या टाकीत ६ तास व वनस्पती रुजल्यावर ८ तास प्रकाश पुरतो. तासांच्या संख्येपेक्षा रोजची वेळ ठरलेली असणे महत्त्वाचे ठरते, म्हणून दिवा टायमरवर चालवतात. फिरत्या तबकडीचा यांत्रिक टायमर वीज गेली की थांबतो आणि जितका वेळ वीज नसेल तितका मागे पडतो. भारनियमन असलेल्या गावांत काही आठवड्यांतच टाकीची ‘सकाळ’ दुपारी होऊ लागते. तेथे बटण-सेल असलेला डिजिटल टायमर अधिक भरवशाचा असतो.

माशांना पापण्या नसतात. काळोखात एकाएकी पूर्ण प्रखर दिवा लागला की ते बिथरतात, काचेवर आदळतात, काही जाती उडी मारून टाकीबाहेरही पडतात. खोलीतील दिवा आधी लावणे हा यावरचा बिनखर्चाचा उपाय आहे. अधिक नेमका उपाय म्हणजे प्रकाश क्रमाने वाढवणे. त्यासाठी मंदनाची सोय असलेला ड्रायव्हर घेऊन त्याला आर्डुइनो किंवा ईएसपी३२ यांसारख्या लहान नियंत्रक-पाटीवरून स्पंद दिले जातात. स्पंदांतील चालू वेळेचे प्रमाण वाढवत नेले की उजेड वाढत जातो. डोळ्याला उजेडातील वाढ सम प्रमाणात जाणवत नाही. त्यामुळे आरंभीच्या पायऱ्या फार लहान ठेवल्या, तरच पहाट सावकाश झाल्यासारखी वाटते. नियंत्रकाला वेळ कळावी म्हणून डीएस३२३१ सारखे सेलवर चालणारे घड्याळ जोडतात.

मंदनाचा खरा उपयोग पहाट-संध्याकाळच्या देखाव्यापुरता नाही. गणिताने ठरवलेला प्रकाश प्रत्यक्ष टाकीला मानवेलच असे नसते. मंदन असल्यास दिवा न बदलता तो कमी-अधिक करता येतो.

शेवाळ आणि समायोजन

नवा दिवा बसवल्यावर तो आरंभी निम्म्या क्षमतेवर चालवून दोन-तीन आठवडे निरीक्षण केले जाते. खोडे लांबट होऊन पानांतील अंतर वाढले, खालची पाने गळली, तर प्रकाश कमी पडत आहे असे समजतात. काचेवर हिरवा थर दोन-तीन दिवसांतच परतू लागला किंवा अनुबियाससारख्या सावकाश वाढणाऱ्या पानांवर हिरवे ठिपके धरले, तर प्रकाश अधिक आहे. पाने फिकट पडणे हे मात्र फसवे लक्षण आहे. ते पोषकद्रव्यांच्या कमतरतेमुळेही दिसते, आणि तेव्हा प्रकाश वाढवल्यास स्थिती बिघडते. नव्या टाकीत येणारे तपकिरी शेवाळ बहुधा डायटमांचे असते व ते दिव्याशी फारसा संबंध न ठेवता काही आठवड्यांत ओसरते.

एका वेळी एकच बदल, एकतर तीव्रतेत किंवा तासांत, करण्याची पद्धत आहे. खिडकीतून टाकीवर येणारे ऊन हिशेबात न धरल्याने अनेकदा निष्पाप दिव्याला दोष दिला जातो.

तयार वस्तूंचा वापर

सर्व भाग सुटे न घेता घरगुती वापराच्या वस्तूंतूनही प्रकाशयोजना होते. लहान टाकीवर परावर्तक छत्रीसह टांगलेला ९ वॅटचा, ६५०० केल्विनचा साधा एलईडी बल्ब जावा फर्नसारख्या वनस्पती उत्तम वाढवतो. तो पाण्यापासून पुरेसा उंच आणि थेंब पोहोचणार नाहीत असा लावावा लागतो, कारण त्याच्या धारकात मुख्य वीज असते. अंगणासाठीचे फ्लडलाइट जलरोधक व आर्थिंगयुक्त असल्याने शौकिनांत लोकप्रिय आहेत. त्यांचा झोत एकाच बिंदूतून येत असल्याने पाण्यात ऊन-सावलीच्या लहरी खेळतात, पण लांबट टाकीच्या कोपऱ्यांत अंधार राहतो.

चिकटपट्टीच्या एलईडी पट्ट्या सर्वांत स्वस्त असल्या, तरी प्लॅस्टिकच्या झाकणाला चिकटवल्यास त्यांची उष्णता बाहेर पडत नाही आणि उन्हाळ्यात चिकटही सुटतो. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवल्यास त्या बराच काळ टिकतात. पट्टीवरील ५०५० किंवा २८३५ हे आकडे एलईडीची लांबी-रुंदी दर्शवतात (५.० × ५.० व २.८ × ३.५ मिलिमीटर). त्यांवरून प्रखरतेचा निष्कर्ष काढता येत नाही.

प्रवाळांच्या टाक्या

खाऱ्या पाण्यातील प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म शैवाले राहतात व ती प्रामुख्याने निळा प्रकाश वापरतात. त्यामुळे अशा टाकीच्या दिव्यात ४२० ते ४७० नॅनोमीटरचे एलईडी बहुसंख्य असतात आणि तीव्रता १०० पासून ४०० मायक्रोमोलपर्यंत लागू शकते. मेटल हॅलाइडच्या सवयीने नव्या एलईडी दिव्याखाली ठेवलेले प्रवाळ पांढरे पडण्याचे प्रकार घडतात. निळा उजेड डोळ्याला मंद भासतो, म्हणून त्याची तीव्रता कमी लेखली जाते. खारट बाष्पामुळे उघडे जोड गोड्या पाण्यावरील दिव्यापेक्षा फार लवकर गंजतात.

भारतातील कठीण प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. मालवणसह कोणत्याही किनाऱ्यावरून ते घरच्या टाकीसाठी उचलून आणणे हा गुन्हा आहे.

आयुर्मान व देखभाल

एलईडीचे आयुष्य म्हणून सांगितले जाणारे ५०,००० तास म्हणजे प्रकाश मूळच्या ७० टक्क्यांवर उतरेपर्यंतचा काळ होय. दिवसाला ८ तास या हिशेबाने तो १७ वर्षांचा होतो. प्रत्यक्षात त्याआधीच वीजपुरवठा किंवा ड्रायव्हर बंद पडतो, कारण त्यांतील इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर उष्णतेने सुकतात. तापमान १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते. म्हणून वीजपुरवठा क्षमतेच्या दोन-तृतीयांश भारापलीकडे चालवत नाहीत आणि तो टाकीखालच्या बंद कपाटात फिल्टरच्या मोटरीशेजारी ठेवत नाहीत. वरील १३ वॅटच्या दिव्याला २४ वॅटचा पुरवठा पुरेसा सैल पडतो. दर महिन्याला काच किंवा ॲक्रिलिक पुसणे, वर्षातून एकदा जोडांवर हिरवट गंज आला आहे का ते पाहणे व आरसीसीबीचे चाचणी-बटण दाबून तो पडतो याची खात्री करणे, एवढी देखभाल पुरते.